परताव्याचा भार ग्राहकाच्याच माथी का?

खर्ड्याच्या बाजारपेठेत भाजीवाल्यापासून कृषी सेवा केंद्रापर्यंत प्रत्येकाच्या गल्ल्याशेजारी आता स्कॅनरचा कागद चिकटवलेला आणि जमा झालेली रक्कम मोठ्याने पुकारणारी पेटी ठेवलेली दिसते. या सोयीमुळे सुट्या पैशांचा जुना तंटा पुष्कळसा मिटला, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. माझी तक्रार पैसे देण्याविषयी नसून ते परत मिळण्याविषयी आहे.

पेरणीच्या तोंडावर एका दुकानात मी पाहिले ते असे. सोयाबीनच्या दोन पिशव्यांचे पैसे एका शेतकऱ्याने मोबाइलवरून भरले, रक्कम वजा झाल्याचा संदेशही त्याला आला, परंतु दुकानातील पेटी मुकीच राहिली. "आमच्याकडं काहीच आलं नाही, दादा, तुमच्या बँकेत विचारा," असे दुकानदाराने सांगितले, आणि वाफसा जाईल या धास्तीने त्या गृहस्थाने शेजाऱ्याकडून उसने घेऊन तेच पैसे रोखीने पुन्हा भरले. खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे भामटे जागोजागी निघाले असल्यामुळे, खात्यावर रक्कम दिसेपर्यंत पिशवी न सोडणाऱ्या दुकानदारास मी दोष देत नाही. परंतु अडकलेल्या पैशासाठी ग्राहकानेच शेताची कामे टाकून बँकेत खेटे घालावेत, ही वहिवाट मात्र मला सर्वथा अमान्य आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकान्वये, यूपीआयने भरलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही दुकानदाराकडे तिची खातरजमा झाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. आणि मुदत टळल्यास पुढील प्रत्येक दिवसाचे १०० रुपये, ग्राहकाच्या अर्जाची वा तगाद्याची वाट न पाहता, त्याच्या खात्यावर जमा झाले पाहिजेत. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेली रक्कम अशी अडकली, तर ही मुदत एकाच दिवसाची आहे. १५ ऑक्टोबर २०१९ पासून हा नियम अमलात आहे, पण आमच्या पेठेत तो ठाऊक असलेला माणूस मला क्वचितच भेटला.

माल परत केल्यावर मिळावयाच्या परताव्याची गोष्ट निराळी, कारण तेथे सूत्रे दुकानदाराच्याच हाती असतात. त्याचे खाते व्यापारी म्हणून नोंदलेले असेल, तर मूळ व्यवहार शोधून त्यावरूनच रक्कम परत पाठवता येते. परंतु छोटे दुकानदार पुष्कळदा स्वतःच्या खासगी खात्याचाच स्कॅनर लावतात. तेथे ही सोय नसल्यामुळे कोणी रोख हातावर ठेवतो, तर कोणी "पैसे परत मिळत नाहीत, दुसरा माल न्या" असे बजावतो. मध्यस्थ पेमेंट कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये घालून दिलेला दंडक असा की, ग्राहकाने स्वतः दुसरा मार्ग मान्य केला नसेल, तर रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत गेली पाहिजे. वॉलेटमधून आली असेल तर वॉलेटमध्येच. हे तत्त्व लहान दुकानानेही पाळावे, आणि त्यात दुकानदाराचेही हित आहे. रोखीने परतावा दिला की त्याच्या खात्यावर विक्री मात्र कायम राहते, आणि जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयच्या जमा रकमांवरूनच जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या.

थकलेल्या चौथाईच्या हिशेबावरून पेटलेल्या लढाईने, ११ मार्च १७९५ रोजी, आमच्या गावाचे नाव इतिहासात गेले. हिशेब मागण्यात कमीपणा नाही, एवढे तरी खर्डेकरांस सांगावे लागू नये. तरीही बँकेच्या खिडकीशी उभा राहिलेला आमचा शेतकरी आपल्याच पैशाची चौकशी याचकासारखी करतो, याची मला मनस्वी खंत वाटते.

म्हणून माझे मागणे असे की, येथील बँक शाखांनी वरील मुदती व भरपाईचा नियम ठळक मराठीत दर्शनी लावावा. व्यापारी मंडळींनी व्यापारी खात्याचाच स्कॅनर ठेवून, परतावा देताना मूळ व्यवहाराचा क्रमांक पावतीवर लिहून द्यावा. आणि तक्रार केल्यापासून ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर ग्राहकाने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे निःसंकोच फिर्याद करावी.

आपला,
एक वाचक
खर्डा, ता. जामखेड, जि. अहिल्यानगर