अक्राच्या हॉस्टेलमधलं माझं पातेलं



मागच्या महिन्यात बस्तीतून बाहेर पडताना एका काकूंनी मला थांबवलं. "अगं, आफ्रिकेत म्हणे तू कुठल्याशा स्वस्त हॉस्टेलात राहिलीस? कुणाच्याही शेजारी झोपलीस, कुणाच्याही शेगडीवर शिजवलंस? मग नियमांचं काय केलंस?" प्रश्नात काळजी होती, थोडा टोमणाही होता. चपला घालता घालता उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी हकिगत. माझी धाकटी लेक सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासासाठी सहा महिने घाना देशाच्या राजधानीत, अक्राला होती. जानेवारीत मी बारा दिवस तिच्याकडे गेले. तिच्या खोलीवर पाहुणे ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून जवळच्याच एका हॉस्टेलमध्ये बायकांच्या खोलीत तिने माझ्यासाठी खाट घेतली. खोलीत सहा खाटा, एकावर एक अशा तीन जोड्या. एका खाटेचे आपल्या पैशात रोजचे हजार-बाराशे रुपये. यांचा इथून फोन, "पैशाचा विचार करू नको, चांगलं हॉटेल घे." पण लेक म्हणाली, "आई, हॉटेलात तू उपाशी राहशील. हॉस्टेलला स्वयंपाकघर आहे."

तिचं म्हणणं किती खरं होतं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. तिकडे मासा हा बहुतेकांच्या लेखी 'मीट'मध्ये येत नाही. "मांस नको" सांगितलं की माणूस मनापासून हो म्हणतो आणि चवळीच्या रश्शात सुकी मासळी घालतो. त्यात फसवणूक काहीच नसते, त्यांची समजच तशी आहे. कांदा-लसूण नको म्हटलं तर आचारी चकितच होतो. मोठ्या हॉटेलात आपण आचाऱ्याच्या शब्दावर जेवतो, इथे माझ्या हातावर जेवत होते. मुनींच्या आहाराच्या चौक्यात असते तेवढी शुद्धी मी प्रवासात पाळत नाही, हे आधीच कबूल करते. पण कंदमूळ नाही, रात्री जेवण नाही आणि पाणी गाळूनच, हे माझे तीन नियम पक्के आहेत. ते तिघेही त्या हॉस्टेलात सुखरूप राहिले.

पाण्याचं सांगते. तिकडे पिण्याचं पाणी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक पिशव्यांत मिळतं. लोक कोपरा दाताने फोडून तसंच पितात. मी पिशवी भांड्यात रिकामी करून माझ्या कापडातून गाळून घेई. रिकाम्या पिशव्यांचा ढीग बघून मात्र जीव खालीवर होई.

रात्रीभोजनाचा प्रश्न तर सूर्यानेच सोडवला. अक्रा विषुववृत्तापासून फार लांब नाही. तिथे बाराही महिने सूर्य संध्याकाळी सहाच्या आगेमागे मावळतो. मी पाच वाजता शेगडी पेटवायची, तेव्हा स्वयंपाकघर रिकामं असायचं. बाकीच्या बायका आठनंतर यायच्या.

आणि डास. हा प्रश्न तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे. तिथे मलेरिया खराच आहे, त्यात धाडस दाखवू नये. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू केल्या होत्या आणि रात्री मच्छरदाणी. डासही वाचला, मीही वाचले. पिवळ्या तापाची लस मात्र सक्तीची आहे. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला तिकडे उतरताना दाखवायचा आणि परत भारतात येतानाही. एकदा घेतली की जन्मभर चालते.

आता जेवणाची गंमत. तिकडे 'वाचे' म्हणून एक पदार्थ सकाळी गल्लोगल्ली मिळतो. भात आणि चवळी एकत्र, ज्वारीच्या वाळलेल्या पानांबरोबर शिजवलेली. त्या पानांनी भाताला सुंदर तांबूस रंग येतो. विकत घेतला तर वर मासा, अंडं नाहीतर सुक्या मासळीची काळी चटणी येते. म्हणून हॉस्टेलची साफसफाई करणाऱ्या बाईंनी मला पानं आणून दिली आणि नुसता वाचे कसा शिजवायचा ते शेजारी उभं राहून शिकवलं. मी वर हिंग-जिऱ्याची फोडणी दिली. त्यांनी चाखून बघितला, मान डोलावली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

लेक मला म्हणाली, "आई, तुला हे घरच्यासारखं लागतंय ना? ही चवळी मूळची इकडचीच." मला वाटलं, चेष्टा करते. पण खरं आहे ते. चवळी, ज्वारी, बाजरी ही तिन्ही धान्यं आफ्रिकेत माणसाने प्रथम पिकवली आणि हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. चवळीचे फार जुने दाणे घानाच्याच मध्य भागात उत्खननात सापडले आहेत. ज्या भाकरीला आपण आजीची भाकरी म्हणतो, तिचं बियाणं या लोकांच्या पूर्वजांनी जपलेलं. आणि मी मात्र तिकडे जाताना बॅगेला दोन कुलपं लावून गेले होते.

आता पातेल्याचं सांगते. खरं तर त्याचसाठी हा लेख.

घरून मी एक स्टीलचं पातेलं नेलं होतं. लेकीने बजावलं होतं, "वापरून झालं की धुऊन बॅगेत ठेव. फळीवर जे असतं ते सगळ्यांचं असतं." तिसऱ्या दिवशी ती चार दिवसांच्या कामासाठी कुमासीला गेली, मी एकटी राहिले. त्या संध्याकाळी पातेलं धुऊन निथळायला म्हणून फळीवर उपडं घातलं आणि विसरले.

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर माझ्या पातेल्यात माशाचा रस्सा उकळत होता. शेजारी माझ्याच खोलीतली बाई उभी. टोगो देशातल्या लोमे शहराची, कापडाची व्यापारीण, वयाने माझ्याएवढीच. लोमे अक्राहून साधारण दोनशे किलोमीटर. तिकडच्या देशांच्या आपसातल्या करारामुळे त्यांना एकमेकांकडे जायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे या बायकांची सतत ये-जा चालू असते. मला बघून ती हसली आणि हाताने खूण केली, ये, बस, जेव. तिकडे जेवताना कुणी आलं की जेवायला बोलावल्याशिवाय राहत नाहीत, जशी आपली रीत.

मी एक शब्द बोलले नाही. तिचं खाऊन झाल्यावर तिने पातेलं स्वच्छ घासून मला आणून दिलं. मी ते दोन बोटांनी धरलं, अंगणात गेले आणि कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकलं. तिच्या डोळ्यांदेखत.

तेव्हा मला वाटलं, मी भांडले नाही, ओरडले नाही, शांतपणे नियम पाळला. थोडा अभिमानही वाटला असेल.

तासाभराने रिसेप्शनवरचा मुलगा माझ्याकडे आला. तो घानाच्या व्होल्टा भागातला. त्याची आणि तिची एवे भाषा एकच. अवघडून म्हणाला, "ममा, त्या बाई विचारताहेत, मी घाण आहे का?"

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला काय आठवलं सांगू? मी अकरा-बारा वर्षांची होते. त्या चार दिवसांत आजी मला कोपऱ्यात बसवायची. पाणी वरून ओंजळीत ओतायची, ताट पायाने पुढे सरकवायची. आजी वाईट नव्हती. माझ्यावर तिचा फार जीव होता. पण मी तेव्हा मनात हेच विचारलं होतं, मी घाण आहे का? विचारायला माझ्याकडे रिसेप्शनवरचा मुलगा नव्हता, एवढाच फरक.

मी खाली गेले. त्या मुलाला मध्ये बसवलं आणि सांगितलं, "मी जन्मापासून मासा, मांस, अंडं खाल्लेलं नाही. माझ्या आईने नाही, तिच्या आईने नाही. ज्या भांड्यात ते शिजलं त्यात मी शिजवू शकत नाही. हा माझा नियम आहे. तुमच्याबद्दल त्यात काहीही नाही. चूक माझी आहे, मी आधी सांगायला हवं होतं." आणि हात जोडले.

तिने ऐकून घेतलं. मग तिचे प्रश्न सुरू झाले. अंडं नाही? कांदा नाही? सुरणासारखा यामही नाही? यामवर ती हसायला लागली, कारण त्याच्याशिवाय जेवण तिच्या कल्पनेतच बसेना. मग तिने सांगितलं, तिच्या आईच्या कुळात एक प्राणी मुळीच खात नाहीत. तो कोणता ते भाषांतरात हरवलं. पण तो शिजवलेल्या भांड्याला त्या घरातलं कुणी हात लावत नाही. म्हणजे मुद्दा तिला मुळातच कळत होता. तिला लागलं होतं ते माझं न बोलणं.

ड्रममधून पातेलं तिनेच काढलं. "चांगलं स्टील आहे, तू नेणार नसशील तर मी नेते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती मला मकोला बाजारात घेऊन गेली. तो बाजार एकदा बघावाच. तो बायकांचा बाजार आहे. टोमॅटोची, यामची अशी एकेका मालाची एक प्रमुख बाई असते, तिला राणी म्हणतात आणि तिचा शब्द चालतो. १९७९ साली लष्करी राजवटीने महागाईचं खापर या बायकांवर फोडून जुना मकोला बाजार पाडून टाकला होता. बायका पुन्हा उभ्या राहिल्या. आपल्यापैकी ज्या दुकानाच्या गल्ल्यावर बसतात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भंगार अॅल्युमिनियम वितळवून ओतलेली जाड बुडाची भांडी तिथे मिळतात. त्यातलं एक लहान भांडं तिने माझ्यासाठी घासाघीस करून घेतलं. उरलेले आठ दिवस मी त्यात शिजवलं. त्याच्यावर लेकीने चिकटपट्टी लावून लिहिलं, "फक्त भाज्या आणि धान्य, कृपया." कुणीही हात लावला नाही. एवढं सोपं होतं ते.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. माझं मत असं की आपल्यासारख्या बायकांनी आणि मुलींनी परदेशात राहायची वेळ आली तर स्वस्त हॉस्टेलला नाक मुरडू नये. नियम पाळायला मोठं हॉटेल लागत नाही. एक शेगडी, एक भांडं, गाळायचं कापड आणि बोलायचं तोंड एवढंच लागतं. यातलं शेवटचं आपण घरी विसरून जातो. आपल्या नियमांविषयी बोलायची आपल्याला सवयच नाही, कारण आपल्या गल्लीत ते सगळ्यांना माहीत असतात. बाहेर ते आधी, हसून आणि स्पष्ट सांगावे लागतात. न सांगता पाळलेला नियम समोरच्याला तिरस्कारासारखा दिसतो. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा तिरस्कार असतोही. माझ्या दोन बोटांत तो होता. माशाचं पातेलं न वापरणं ही माझी अहिंसा. पण ते तिच्यासमोर कचऱ्यात टाकणं ही कसली अहिंसा? पर्युषणानंतर आपण क्षमा मागतो ती बहुतेक ओळखीच्यांची, ज्यांचे नंबर आपल्याकडे असतात त्यांची.

माझं म्हणणं सगळ्यांना पटणार नाही हे मला कळतं. कुणी म्हणेल, अशा स्वयंपाकघरात वासही सोसवत नाही. खरं आहे. पहिले दोन दिवस मीही नाकाला पदर लावला. ज्यांचे व्रताचे नियम माझ्याहून कडक आहेत त्यांनी हॉस्टेलात राहू नये, त्यांनी स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र चूल बघावी. त्यात कमीपणा नाही. पण "तिकडची माणसं तसलीच" असं म्हणून लेकीची संधी घालवू नका. मुलगी जाणार असेल तर बायकांची वेगळी खोली आहे का, कपाटाला आपलं कुलूप लागतं का, स्वयंपाकघर आहे का, वीज गेली तर जनरेटर आहे का, हे विचारा. तिकडे वीज जाते, माझ्या बारा दिवसांत तीनदा गेली. आणि भांडं बॅगेत ठेवायला सांगा.

ती लोमेची बाई माझ्या आधी दोन दिवस निघाली. कापडाच्या गठ्ठ्यांवर माझं पातेलं उपडं बांधलेलं होतं. त्याच्या तळाला यांचं नाव कोरलेलं आहे, लग्नात आलेलं ते. आता लोमेत त्यात काय शिजत असेल ते मला माहीत आहे. तरीही ते तिच्या घरात आहे याचं मला बरंच वाटतं.

काकू, रविवारी भेटू. त्या पानांची एक जुडी आणली आहे, वाचे करून डब्यात घेऊन येते. मीठ या वेळी बरोबर घालीन.

जय जिनेंद्र.