शंभर टक्के पूर्ण, जात शाबूत

'आमच्या शंभर टक्के कर्मचाऱ्यांनी समावेशकतेचे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केले,' असे कंपन्या हल्ली अभिमानाने सांगतात. माझा साधा प्रश्न आहे: पूर्ण केले म्हणजे नेमके काय केले? व्हिडिओ चालू ठेवून मेल वाचले, शेवटच्या दहा प्रश्नांना उघडच बरोबर दिसणारी उत्तरे दिली, पाच तारे दिले आणि प्रमाणपत्र घेतले. यात माणूस बदलला, की साहेबांच्या स्क्रीनवरचा तक्ता फक्त हिरवा झाला?

मी नोकरीत असे अनेक कोर्स केले. त्यांत लिंगभाव होता, अपंगत्व होते, अमेरिकेतला वर्णभेदही होता. जात नव्हती. जेवणाच्या टेबलावर मात्र 'आडनाव काय तुमचं?' हा प्रश्न न चुकता होता.

प्रशिक्षण कसे मोजावे, हे काही गूढ नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच चार पायऱ्या मांडल्या: लोकांना ते कसे वाटले, लोक काय शिकले, कामावरचे वागणे बदलले का, आणि अखेर परिणाम काय झाला. आपल्या कंपन्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच बसकण मारतात. कारण तिसऱ्या पायरीवर खुद्द साहेबांचे वागणे तपासावे लागते.

ते तपासता येते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास पाहा. खासगी नोकऱ्यांसाठी समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले, तेव्हा दलित नावांना कमी बोलावणी आली. तुमच्या भरती टीमने कोर्स केला ना? मग कोर्सआधीच्या आणि सहा महिन्यांनंतरच्या याद्या शेजारी ठेवा. मुलाखतीला कोण आले? बढती कोणाला मिळाली? नोकरी सोडून कोण गेले?

'आम्ही जातीची नोंदच ठेवत नाही,' असे उत्तर येईल. स्त्री-पुरुषांची आकडेवारी ठेवता, तशी जातीची ऐच्छिक आणि गोपनीय नोंदही ठेवता येते. नोंद नाही म्हणजे भेदभाव नाही, असे नव्हे. भेदभाव दिसू नये याची ती सोय आहे.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने जागृती कार्यशाळांची जबाबदारी मालकावर टाकली, म्हणून तो कोर्स आला. जातीबाबत खासगी मालकावर अशी सक्ती नाही, म्हणून जात हा 'संवेदनशील विषय' ठरतो आणि वगळला जातो. ही सक्ती कायद्याने व्हायला हवी.

आणखी एक. त्या शंभर टक्क्यांत संडास धुणारे आणि गेटवर उभे राहणारे कंत्राटी कामगार मोजले होते का? तक्रार कुठे करायची, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितले का? कोर्स चांगला की वाईट, हे त्यांना आणि आडनावामुळे मागे ठेवलेल्यांना विचारा. नाव गुप्त ठेवून, नोकरीला धक्का लागणार नाही अशा रीतीने विचारा. त्यांचे उत्तर अहवालात छापा. तोवर तुमचे तारे तुमच्यापाशीच राहू द्या.