नवी आवृत्ती आणि जुने गिऱ्हाईक

पेढीवरचे हिशेब कीर्द-खतावणीतून उठून संगणकावर गेले, त्याला एक पिढी होत आली. कागदाची वही एकदा घेतली की ती भरेपर्यंत आपली असे; वहीवाला पुढच्या वर्षी दारात येऊन तिच्या पानांचे भाडे मागत नसे. सॉफ्टवेअरचा व्यवहार निराळा. ते विकत घ्यावे, दोन-तीन वर्षांत नवी आवृत्ती निघावी आणि तिच्यासाठी पुन्हा पैसे मागितले जावेत, हा क्रम आता नित्याचा आहे. "एकदा दाम मोजले, आता पुन्हा कशाचे?" हा आमच्या सभासद बंधूंचा प्रश्नही तितकाच नित्याचा. त्याचा विचार व्यापाऱ्याच्या न्यायानेच करावा, असे आम्हांस वाटते.

भावी आवृत्त्या सगळ्याच फुकट मिळाव्यात, ही मागणी त्या न्यायात बसत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि बिलाचे रूपच पालटले. ई-बिलाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी पाचशे कोटींवरील उलाढालीच्या पेढ्यांपासून सुरू झाली, ती उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी पाच कोटींवर आली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबात केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद सॉफ्टवेअरने आपोआप ठेवलीच पाहिजे, असा नियम झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे दर बहुतांशी मोडीत निघाले. यांतल्या प्रत्येक फेरफाराच्या वेळी कोणीतरी बसून प्रणाली बदलली आहे. एकदा घेतलेल्या दामात दरसाल नवा माल पुरविण्यास आपल्यापैकी कोण तयार होईल?

तथापि गिऱ्हाइकाच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा पैशात नसतेच, आणि सॉफ्टवेअरवाले नेमके येथेच चुकतात. "महिन्याची वर्गणी चहाच्या दोन कपांइतकीच आहे," हे त्यांचे ठरलेले उत्तर. गिऱ्हाइकाने चहाचा भाव विचारलेलाच नसतो. जे विकले ते विकलेलेच राहील ना, एवढेच त्याला विचारायचे असते.

प्राग येथील जेटब्रेन्स या कंपनीची हकिकत या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे. ही कंपनी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना लागणारी अवजारे विकते. म्हणजे तिची गिऱ्हाइके स्वतःच याच धंद्यातील. सप्टेंबर २०१५ मध्ये तिने जाहीर केले की यापुढे केवळ वर्गणी. वर्गणी थांबली की अवजारही थांबेल. एरवी दुसऱ्यांना नव्या आवृत्तीची बिले धाडणारी ही मंडळी, पण तीही खवळली. पैसे देण्यास त्यांतील अनेकांची ना नव्हती. हातातले अवजार काढून घेतले जाणार, हे त्यांना सोसवेना. कंपनीने सुमारे दोन आठवड्यांत योजना बदलली. सलग बारा महिन्यांची वर्गणी भरणाऱ्यास त्या वर्षाच्या आरंभीची आवृत्ती कायमची वापरता येईल, असे ठरले; टिकून राहणाऱ्यास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दरात सवलतही मिळाली. वर्गणी गेली नाही, फक्त विक्रीला विक्रीचा अर्थ परत मिळाला. २०२१ च्या नोव्हेंबरात नोटॅबिलिटी या टिपणे काढण्याच्या ॲपनेही आधी विकत घेतलेल्यांच्या सोयी वर्षानंतर बंद करण्याचे जाहीर केले होते. ओरड होताच एक-दोन दिवसांत माफी मागून निर्णय फिरवावा लागला.

पण तक्रार केली की न्याय मिळतोच, असेही नाही. ॲडोबीने मे २०१३ मध्ये यापुढच्या नव्या आवृत्त्या कायमच्या परवान्यावर न देता केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. विनंतीपत्रावर हजारो सह्या झाल्या, तरी कंपनी बधली नाही. छायाचित्रकारांसाठी दरमहा दहा डॉलरांची स्वस्त योजना तेवढी निघाली, आणि पुढे कंपनीचे उत्पन्न वाढतच गेले. गिऱ्हाइकाला जाण्यासारखे दुसरे दुकान नव्हते, हे त्याचे कारण. अशा दुकानदाराची भाषा कशी होते, हे बाजारात वावरणाऱ्यास सांगावयास नको.

आपल्यापुरता खरा धोका जुन्या वह्यांचा आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने जपावे लागतात; कंपनी असल्यास आठ आर्थिक वर्षे. भागीदारी मोडते, दुकान बंद होते, मुलगा नोकरी धरतो. खात्याची नोटीस मात्र त्यानंतरही येऊ शकते. तेव्हा वर्गणी थकल्याच्या कारणाने खतावणीच उघडली नाही, तर उत्तर कशाच्या आधारे द्यावयाचे? पुष्कळ पेढ्यांवर असलेल्या टॅलीत कायमचा परवाना आणि वार्षिक नूतनीकरण ही दोन निराळी ठेवलेली आहेत. नूतनीकरण न केल्यास नव्या सुधारणा मिळत नाहीत, पण परवाना जात नाही. प्रत्येक प्रणालीत ही सोय असेलच, असे धरून चालू नये.

यासाठी संघाच्या कार्यालयाने सभासदांच्या वतीने विक्रेत्यांकडून लेखी खुलासा मागवावा, अशी आमची सूचना आहे. पैसे भरणे थांबल्यावर जुने हिशेब वाचता येतील काय, ते साध्या तक्त्यांत उतरवून घेता येतील काय, आणि दरवाढीची सूचना किती महिने आधी मिळेल, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. एकट्या दुकानदारास विक्रेत्याचा प्रतिनिधी "कंपनीचा नियम आहे" असे सांगून वाटेला लावतो. शेदीडशे पेढ्यांनी मिळून विचारल्यास त्याला कंपनीकडून कागद आणावा लागेल. मार्चअखेरच्या धांदलीत हे व्हावयाचे नाही. दिवाळी आटोपल्यावर बाजार थोडा निवांत असतो, तेव्हाच हे काम हाती घ्यावे.