गजावरची खूण

अंबाबरवा आणि ज्ञानगंगा अभयारण्यांच्या कडेला पीक हाताशी आलं की रानडुकरं आणि रोही रात्री शेतात उतरतात, आणि ठासणीच्या बंदुकीचा विषय निघतोच. (बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं.) बार भरण्यातली खरी मेख गोळी कुठे बसते यात आहे. काळ्या दारूवर ती गजाने पार टेकेपर्यंत ठासायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, कधी फाटतेही. म्हणून जाणता माणूस गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवतो. खूण वर राहिली की ओळखावं, गोळी अडलीय किंवा आधीचाच बार आत आहे. काडतुसाचं नेमकं उलट: गोळी प्रमाणाबाहेर आत दाबली की दारूला जागा कमी पडते आणि दाब भलताच चढतो. मलकापूरहून भुसावळकडे जाताना वरणगावची आयुध निर्माणी लागते. रायफलची काडतुसं बनतात तिथे त्यांची लांबी मापकाने तपासतात, नमुन्यांचा दाब खास नळीत मोजतात. घरच्या ओट्यावर यातलं काय जमणार? शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विनापरवाना दारूगोळा बनवणं गुन्हाच. आणि ठासणीत काडतुसातली बिनधुराची दारू घालणं हा निव्वळ आत्मघात आहे. आजोबांच्या वेळची बंदूक असेल, तर परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घ्या. तोवर बार भरू नका.