ऊस शेतकऱ्याचा, निवडही त्याचीच

प्रति,
माननीय सहकारमंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सामुदायिक मालकी आणि खासगी भांडवल यांपैकी कशात माणूस अधिक स्वतंत्र राहतो, हा वाद आपल्याकडे बहुधा रशिया-अमेरिकेचे दाखले देऊन रंगतो. महाराष्ट्राला इतके लांब जायचे कारण नाही. राज्यातल्या सुमारे दोनशे साखर कारखान्यांपैकी जवळपास निम्मे सहकारी आहेत आणि निम्मे खासगी. दोन्ही व्यवस्था एकाच ऊसपट्ट्यात चालतात, तरी ऊस कोणाला घालायचा याची खरी निवड अनेक शेतकऱ्यांना नसते. म्हणून मालकी कोणाची, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कारभाऱ्याला जाब विचारता येतो का आणि पटले नाही तर त्याला सोडून जाता येते का, या दोन कसोट्यांवर माणसाचे स्वातंत्र्य ठरते. आपल्या खात्याने या दोन्हींचे रक्षण करावे, एवढ्यासाठी हे पत्र.

सहकाराने शेतकऱ्याला स्वतंत्र केले, हे आधी मान्य केले पाहिजे. १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या रोख्यांवर अंगठे त्यांचेच होते. कायद्याच्या दृष्टीने तो दोन स्वतंत्र माणसांमधला करार होता. पण ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही, त्याच्या संमतीला फारसा अर्थ उरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच मांडले: पोटाची भ्रांत असलेला माणूस कामासाठी आपले हक्कही सोडून देतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती भांडवलाबरोबर एक मतही आले. शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच, हा नियम बाजाराने कधीच दिला नसता.

मात्र एकत्र येण्याचा हक्क जेव्हा एकत्र राहण्याची सक्ती होतो, तेव्हा तीच व्यवस्था माणसाला बांधून घालते. सोव्हिएत संघात १९३२ मध्ये अंतर्गत पासपोर्ट आले, पण सामुदायिक शेतांवरच्या शेतकऱ्यांना ते हक्काने मिळायला १९७४ उजाडले. तोवर गाव सोडणेसुद्धा त्यांच्या मर्जीचे नव्हते. आपल्याकडची सक्ती त्या टोकाची नव्हती, पण जातकुळी तीच. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेखाली राज्यातल्या शेतकऱ्याला कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेलाच विकता येत होता. योजनेने काही वर्षे बरा भाव दिला, हे खरे. पण पलीकडच्या राज्यात जास्त भाव असताना स्वतःचा कापूस तिकडे नेणे हा गुन्हा ठरला आणि शेतकरी संघटनेला त्याविरुद्ध लढावे लागले. ऊस ठरवून दिलेल्या कारखान्यालाच घालायला लावणारी झोनबंदी उठली, तरी दोन कारखान्यांमधल्या अंतराची अट राहिली. केंद्राने किमान १५ किलोमीटर ठरवले, महाराष्ट्राने ते २५ केले. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात, त्यामुळे लांबचा कारखाना हा पर्याय बहुधा कागदावरच राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की, उसाची खात्री नसेल तर एवढी मोठी यंत्रसामग्री कोण उभारील? आक्षेप रास्त आहे, पण खात्री करारानेही देता येते. ठरावीक हंगामांसाठी ऊस घालण्याचे शेतकऱ्याने लिहून द्यावे, कारखान्याने तोडीची तारीख आणि १४ दिवसांत उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) देण्याची हमी द्यावी; जो मोडेल त्याने भरपाई द्यावी. स्वतःहून बांधून घेणे हाही स्वातंत्र्याचाच भाग आहे. दुसरा आक्षेप, अट शिथिल झाली तर खासगी गट सहकार गिळतील. पण अट असतानाही अनेक सहकारी कारखाने कर्जात बुडाले आणि लिलावात खासगी हातांत गेले. शिवाय ही अट खासगी कारखान्यालाही स्पर्धेपासून तेवढेच संरक्षण देते. तिसरा आक्षेप, सभासदाला मत आहे, त्याने संचालक बदलावेत. पण ज्यांच्याविरुद्ध मत द्यायचे, त्यांच्याच हातात उसाची तोड असते. विरोधकाच्या उसाला तोड उशिरा येते, ही तक्रार ऊसपट्ट्यात जुनी आहे. दुसरा कारखाना आवाक्यात असेल तरच ते मत निर्भयपणे देता येईल.

आणि ज्यांना मतही नाही आणि पर्यायही नाही, ते ऊसतोड मजूर. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटेपर्यंत मराठवाड्यातली लाखो माणसे हंगामभर कोयत्याला बांधलेली असतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आजारपणाचा खाडाही अंगावर पडतो. करार ‘खुशीचा’ आणि कारखाना ‘सहकारी’, तरी माणूस मोकळा नाही.

म्हणून तीन मागण्या आहेत. अंतराची अट टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव धाडावा. तोडीचा क्रम नोंदणीच्या तारखेनुसार जाहीर करून तो संचालकांच्या मर्जीबाहेर काढावा. उचलीचा लेखी हिशेब देणे आणि मजुरी थेट मजुराच्या खात्यावर, त्यातही बाईची मजुरी तिच्या स्वतंत्र खात्यावर जमा करणे कारखान्यांना बंधनकारक करावे. ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये, म्हणजे नागरिकाच्या स्वातंत्र्यांच्या यादीत नेऊन ठेवला. त्या हक्काचा मालक सभासद आहे, संस्था नव्हे. आपल्या खात्याचा प्रत्येक निर्णय याच भूमिकेतून व्हावा.

आपला,
सहकारावर विश्वास असलेला एक नागरिक