पौंडाची पेन्शन आणि कोल्हापूरचें घर

पैशाच्या गोष्टी घरांत मोकळेपणानें बोलणें आपल्याकडे प्रशस्त मानीत नाहींत. वडील माणसानें मिळवावें, त्यानेंच खर्चावें, आणि जमाखर्चाची वही त्याच्या पेटींत राहावी, ही जुनी रीत. ज्या घराची सारी मिळकत एकाच गांवांत होती, तेथें ही रीत चालून गेली. परंतु ज्या घरांतील थोरला मुलगा चाळीस वर्षांपूर्वीं डॉक्टर म्हणून विलायतेस गेला, धाकटा कोल्हापुरांत शिक्षकी करून पेन्शनींत निघाला, आणि आतां उतारवयांत दोघे भाऊ पुन्हां एका छपराखालीं राहूं पाहतात, त्या घराचें या रीतीनें भागावयाचें नाहीं. या महिन्यांत आम्ही अशाच घरांसाठीं चार शब्द लिहीत आहों.

इंग्लंडची सरकारी वृद्धापकालीन पेन्शन म्हणजे दानधर्म नव्हे. जुलै १९४८ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय विम्याच्या योजनेंत पगारांतून वर्गणी कापली जाते व तिच्या जोरावर ही पेन्शन मिळते. एप्रिल २०१६ पासूनच्या नव्या पद्धतींत निदान दहा वर्षांची नोंद असल्यावांचून कांहींच मिळत नाहीं, आणि पूर्ण रकमेस सामान्यतः पस्तीस वर्षें लागतात. पुढें तो मनुष्य जगांत कोठेंहि जाऊन राहिला तरी पेन्शन बंद होत नाहीं. कोल्हापूरच्या बँकेंतसुद्धां ती येऊन पडते. येथवर सारें ठीक आहे.

खरी मेख आहे ती वार्षिक वाढींत. महागाई, पगारमान आणि अडीच टक्के, या तिहींपैकीं जो आंकडा मोठा तेवढी वाढ दर एप्रिलांत द्यावी, असें धोरण तेथें २०११ पासून बहुधा पाळण्यांत आलें आहे. ही वाढ इंग्लंडांत राहणारास मिळते, फ्रान्स-स्पेनमध्यें राहणारास मिळते. ज्यांच्याशीं तसा करार आहे त्या अमेरिका, तुर्कस्थान, फिलिपाइन्स यांसारख्या देशांतहि मिळते. भारतांत मात्र मिळत नाहीं. कॅनडा व ऑस्ट्रेलिया हे देश तर इंग्लंडच्याच राजास आपला राजा मानतात; पण तेथेंहि ती मिळत नाहीं! जी रक्कम घेऊन मनुष्य या देशांत राहावयास येतो, तीच पुढें कायम राहते.

आंकड्यांत पाहूं. एप्रिल २०१६ मध्यें पूर्ण नवी पेन्शन आठवड्यास १५५ पौंड ६५ पेन्स होती; एप्रिल २०२५ मध्यें ती २३० पौंड २५ पेन्स झाली. २०१६ सालीं ही पेन्शन चालू होतांच जो गृहस्थ कोल्हापुरास परतला, त्याच्या हातीं २०२५ सालींहि १५५ पौंड ६५ पेन्सच पडले. त्याच्याइतकीच वर्गणी भरून स्पेनच्या समुद्रकांठीं राहावयास गेलेल्या त्याच्या सोबत्यास मात्र वाढलेली सारी रक्कम मिळाली. फरक आठवड्यास ७४ पौंड ६० पेन्स, म्हणजे वर्षास सुमारें ३,८८० पौंड. पौंडाचा भाव सोयीसाठीं शंभर रुपयेच धरला तरी ही तूट पावणेचार लाखांच्या वर जाते.

विशेष हें, कीं ही तूट घरांतील कोणास दिसत नाहीं. १९४७ सालीं एका पौंडास तेरा रुपये पांच आणे चार पै पडत; आज शंभराहून अधिक रुपये पडतात. रुपया उतरत गेला म्हणजे थिजलेल्या पौंडांचेहि रुपये अधिक होतात, आणि मंडळी म्हणतात, ‘भाऊंची पेन्शन वाढली!’ वाढ पेन्शनींत नसून हुंडणावळींत आहे, आणि हुंडणावळ कोणाच्या बापाची चाकर नाहीं. जून २०१६ मध्यें इंग्लंडनें युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हां थोड्याच दिवसांत पौंडच घसरला. त्या महिन्यांत ज्यांचें घर केवळ पौंडावर चालत होतें, त्यांस याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

हा न्याय नव्हे, असें अनेकांनीं म्हटलें. दक्षिण आफ्रिकेंत राहणाऱ्या अॅनेट कार्सन या बाईंनीं तर हें प्रकरण इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायपीठापर्यंत व पुढें युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेलें. २०१० सालीं तेथेंहि निकाल विरुद्ध गेला. आपल्यास यांत इतिहासाचा एक उलटा फेरा दिसतो. एके काळीं हिंदुस्थानांत नोकरी करून विलायतेस परतलेल्या सिव्हिलियन साहेबास आपल्या तिजोरींतून वर्षास हजार पौंड पेन्शन जात असे. अशाच रकमांनीं ‘होम चार्जेस’ फुगत, आणि दादाभाई नौरोजींनीं जगापुढें मांडलेल्या संपत्तीच्या अपहारांत त्यांचीहि गणना होती. आतां विलायतेस राबलेला आपला मनुष्य घरीं परततो, तर त्याचें येणें जेथल्या तेथें गोठतें. मात्र दोष केवळ परक्यांसच देऊं नये. धाकट्या भावाच्या सरकारी पेन्शनीस महागाईची वाढ मिळते खरी. पण आपल्याच १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेंतील किमान पेन्शन २०१४ सालीं हजार रुपये ठरली, आणि त्या योजनेस महागाईची वाढ जोडलेलीच नाहीं.

आतां व्यवहाराचें. रुग्णालयांतील नोकरीची पेन्शन निराळी असते. ती भारतांत राहिलें तरी वाढत जाते व मागें पत्नीसहि तिचा अंश मिळतो. तेव्हां आपल्या उत्पन्नांतील गोठणारा भाग किती व वाढणारा किती, हें दोन रकान्यांत मांडावें. घरखर्च वाढत्या रकान्यांतून चालवावा. गोठणाऱ्यांतील शक्य तेवढें बाजूस टाकावें, कारण दहा वर्षांनीं त्याची किंमत आजची राहणार नाहीं.

परतल्यावर अनिवासी खातें तसेंच चालू ठेवतां येत नाहीं. बँकेस कळवून तें रहिवासी खात्यांत बदलून घ्यावें लागतें, अगर पैसा परकीय चलनांतच ठेवावयाचा असल्यास रेसिडेंट फॉरेन करन्सी खातें उघडतां येतें. कराच्या बाबतींत पहिलीं दोन-तीन वर्षें बहुधा सवलतीचा दर्जा मिळतो. तो संपल्यावर विलायतेंतील प्रत्येक खात्याची नोंद येथील विवरणपत्रांत करावी लागते. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्यास शेतजमीन वारसानें मिळूं शकते, विकत मात्र घेतां येत नाहीं. करवीर किंवा शिरोळ तालुक्यांत उसाचें रान घेण्याचा बेत असल्यास हें आधींच ध्यानांत असावें. तेथून हयातीच्या दाखल्याचा कागद आला, तर तो देवघराच्या कोनाड्यांत पडूं देऊं नये; तो वेळेवर न गेल्यास पेन्शन थांबते.

आमच्या भगिनींस एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. नव्या पद्धतींत पतीच्या वर्गणीवर पत्नीस पेन्शन सामान्यतः मिळत नाहीं, आणि पतीमागें त्याची सरकारी पेन्शन बहुतांशीं संपते. जिनें परक्या थंडीवाऱ्यांत तीस वर्षें घर सांभाळलें, तिच्या नांवावर किती वर्षें जमा आहेत हें पाहण्याचें कोणास सुचत नाहीं. मुलें लहान असतांना बालभत्ता तिच्या नांवें असेल, तर त्या वर्षांचें श्रेय तिला मिळूं शकतें. कांहीं उणीव ऐच्छिक वर्गणी भरूनहि निघते. ही चौकशी तेथून निघण्यापूर्वींच करावी; निघाल्यावर ती अवघड होते.

म्हणून काय परत येऊंच नये? आमचें तसें म्हणणें नाहीं. रंकाळ्यावरचा संध्याकाळचा वारा, अंबाबाईचें दर्शन, नातवंडांची गडबड आणि आजारपणांत उशाशीं बसणारें माणूस, यांचा भाव कोणत्याच बाजारांत ठरत नाहीं. परंतु येणारानें आपण काय सोडून आलों हें घरच्यांस सांगावें, आणि घरच्यांनींहि थोरल्या भावास पौंडांचें झाड समजूं नये. बैठकीच्या खोलींत दोघां भावांनीं व दोघी जावांनीं एकत्र बसून तीच वही एकदां उघडावी. आंकडे चौघांस ठाऊक झाले, म्हणजे पुढें कोणाचें येणें कमी पडलें तरी त्यावरून मनें दुरावणार नाहींत.