भेगेची तारीख कोण लिहिणार?

मराठीत घसरण्याला शब्दांची वानवा नाही. शेवाळावर पाय घसरतो, हातातून भांडे निसटते, रस्ता खचतो, दरड कोसळते. या सर्वांत साम्य एकच : धरून ठेवणारे घर्षण ओढणाऱ्या बलापुढे कमी पडले की वस्तू जागा सोडते. बर्फावर माणूस आपटतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो. डोंगर घसरतो तेव्हाही करणी बहुधा पाण्याचीच. मुरलेला पाऊस मातीच्या कणांमधील पोकळ्या भरतो, कणांची पकड सुटते आणि भार मात्र वाढतो.

भूगर्भातील प्रस्तरभंगाची तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्नियातील सान आंद्रेआस भंगाचा मधला काही भाग दरवर्षी दोन-तीन सेंटिमीटर निमूटपणे सरकतो. कुंपणांना बाक येतो, इतकेच. उत्तरेकडचा भाग मात्र अडून बसला होता. १९०६ साली तो सुटला तेव्हा काही ठिकाणी जमीन सुमारे सहा मीटर सरकली आणि सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले. भूकंपाची वेळ आजही कोणी सांगू शकत नाही. किल्लारी परिसरात १९९२ मध्ये लहान धक्के बसले होते. पण त्यांतून ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट वाचता येणे शक्य नव्हते.

दरडीचे तसे नाही. उतारावर भेग पडते, झाडे नि खांब कलतात, झरा एकाएकी गढूळतो, घराचे दार चौकटीत अडकू लागते. दर वेळी नाही, पण पुष्कळदा डोंगर आधी बोलतो.

मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. तिथेही खाते 'घसरते'. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. पण तीस आणि साठ दिवसांच्या पायऱ्याही वेगळ्या दाखवाव्या लागतात. घसरणीपूर्वीच्या काळाला नाव दिले, की तो कोणाच्या तरी जबाबदारीत येतो.

डोंगराखालच्या माणसांना एवढेही संरक्षण नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीणमध्ये दीडशेवर माणसे गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता एस.टी.च्या चालकाने दिली. २०२१ मध्ये तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नावच नव्हते, असे मागाहून सांगण्यात आले.

यादी एकदा होते. उतार मात्र दर पावसाळ्यात, दर खोदकामागणिक बदलतो. म्हणून यादीपेक्षा खतावणी हवी. ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक, भेगांची तारीखवार नोंद आणि ठरलेली मर्यादा ओलांडताच वस्ती हलविण्याचा स्थानिक अधिकार, एवढे तरी असावे. स्थलांतराला लोक नकार देतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण शेत, गुरे आणि मजुरी जिथे आहे, तिथून माणूस नुसत्या नोटिशीने उठत नाही. निवारा, धान्य आणि गुरांची सोय आधी दिसली पाहिजे. कोसळल्यानंतरची मदत आपल्याकडे तत्काळ जाहीर होते. त्यातला थोडा पैसा पहिल्या भेगेवर खर्च व्हायला हवा.